मत्रहच्या सज्जातील फणसाच्या खुंट्या

अर्जदार : दत्ताराम बाबाजी मेस्त्री, वय त्रेपन्न, धंदा अर्जलेखन, राहणार राजापूर तालुका. ठिकाण : ओमान देशी मत्रह बंदर, किनाऱ्यावरील एका व्यापाऱ्याचे जुने घर. दिवस : माझ्या मुक्कामाचा तिसरा. साक्षीदार : शांताराम सुतार, माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आणि मुकादम सलीमभाई, मूळचे रत्नागिरीकडचे, ज्यांनी सर्व पाहिले, परंतु सही केली नाही.

मत्रहला डोंगर गवताच्या काडीवाचून उघडे उभे आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी बंदराकडे तोंड करून पांढरी दुमजली घरे. शांताराम तेथील एका घराच्या दुरुस्तीवर सुतार आहे. त्याने मला ते दाखवावयास नेले.

घर पाहून मी टोपी काढली. हातभर जाडीच्या भिंती, समोरासमोर नेमक्या मापाच्या खिडक्या, दारावर रंगीत काचांचा अर्धवर्तुळ झरोका, आणि वर समुद्रावर झुकलेला सागवानी जाळीचा सज्जा. आत उन्हाचा मागमूस नव्हता. भिंतीला टेकलो तो ओल्या चुन्याने माझा काळा कोट पाठीमागून पांढरा झाला.

"दादा, तुम्हीपण रंगकामाला लागलात काय?" शांताराम हसला.

सज्जाच्या सांध्यांत मात्र मला पिवळ्या खुंट्या दिसल्या आणि माझे हसू थांबले. आमच्या घराण्याच्या सुतारशाळेत प्रत्येक सांध्यात एक खुंटी फणसाची घालीत. खारा वारा तिला खात नाही. माझे आजोबा ऐन गलबतांच्या काळात लाकूड आणि सुतार घेऊन या किनाऱ्यास घरे बांधावयास येत. चार सांध्यांत खुंटीऐवजी लोखंडी बोल्ट होते. त्यांच्याभोवतीचे लाकूड आताच चिरू लागले होते.

"हे कोणी केले?"

शांतारामाने हातातला पाना पाठीमागे नेला. "मीच. मुकादम म्हणाले, पिवळी खुंटी म्हणजे कोणीतरी मारलेलं ठिगळ. काढून टाक."

"ही खुंटी कोणाची ते तुला ठाऊक नव्हते?"

"होतं. पण पुढल्या महिन्यात व्हिसा वाढवून घ्यायचा आहे, दादा."

इतक्यात सलीमभाई चहा घेऊन आले. "मेस्त्रीसाहेब, अर्बाबला (मालकाला) लोखंड पाहिजे. बाकीचे सांधे आज खलास करायचे. यल्ला (चला)!"

"मालकाने खुंटी पाहिली आहे काय?"

"ते कशाला बघतील? तुम्ही पाव्हणे. हलवा खा, सूक (बाजार) फिरा."

मी जिन्यात बसून कागद काढला.

"इथं अर्ज नको," शांताराम कुजबुजला. "माझं काम जाईल."

"तर तुझे नाव घालीत नाही."

तो त्या चिरलेल्या तुळईवरून अंगठा फिरवीत राहिला. मग पाना खाली ठेवून म्हणाला, "घाला. पहिलं माझंच घाला. चार खुंट्या मी काढल्या, तेही लिहा."

सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. "दोघं मिळून मला घरी पाठवणार!" तरी कागद मालकाकडे त्यांनीच नेला.

मी राजापुरास परतलो. लोक आपण पुष्कळ देश पाहिल्याचे सांगतात. मी एक घर पाहिले, आणि ते आमच्या हातचे होते. उत्तर अद्याप आलेले नाही. शांताराम कामावर जातो. बोल्टला हात लावीत नाही.

सबब त्या अर्जातील विनंती पुन्हा करतो : मालकांनी स्वतः जिना चढून सांधे पाहावेत. तोवर एकही खुंटी काढू नये. शिक्षा करणे असल्यास अर्ज लिहिणाऱ्यास करावी, खरे सांगणाऱ्यास नव्हे. उत्तर लेखी द्यावे. नकार असल्यास तोही सहीनिशी द्यावा. मूळ अर्जावर शांताराम सुताराने सही केली आहे.