सूरपाटीचा वारसा

जळगाव जामोदच्या उकंडरावाला दुपारी आडवा झालेला माणूस दिसला की त्याचं तोंड कडू व्हायचं. बायको शालूबाई जेवणानंतर घटकाभर पाठ टेकायची, तेवढ्यात हा ओसरीवरून मुद्दाम खाकरायचा. कापूस वेचणाऱ्या बाया लिंबाखाली लवंडल्या की म्हणायचा, "निजा, निजा. कापूस आपल्या पायानं चालत येईन घरी!"

हा तिटकारा त्यानं मोठ्या अभिमानानं सांभाळला होता. तो आपल्याला बापाकडून मिळाला, अशी त्याची खात्री होती. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं त्या सुमाराला बापानं, महादेवरावानं, गावात आट्यापाट्यांचा संघ उभा केला. मैदानावर आडव्या पाट्या आखलेल्या आणि त्यांना मधोमध चिरत जाणारी एक उभी पाटी. आडव्या पाटीवरचा गडी आपल्या पाटीपुरताच धावे. उभ्या पाटीवरच्याला मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पळून सगळ्यांना अडवावं लागे. त्याला सूर म्हणत. महादेवराव असा सूर होता, की अंगात ताप असताना खेळला आणि पाटीवरच कोसळून मेला. उकंडराव तेव्हा लहान होता. पण गावानं ती गोष्ट त्याला इतक्यांदा सांगितली, की आता तोच ती सगळ्यांहून चांगली सांगायचा. संघाचा कप्तान म्हणून दर हंगामाला सांगायचाच.

त्या साली वडनेर भोलजीशी सामना ठरला. आदल्या दिवशी उकंडरावानं पोरांना सूर्य मावळेपर्यंत मैदानावर पळवलं. सामन्याच्या दिवशी तांबडं फुटताना गाडी जुंपली, तिच्यात भाकऱ्या आणि पाण्याची मडकी ठेवली. पोरं चढायला लागली तसा तो गरजला.

"उतरा बे! गाडीत बसायले नवरदेव हाय का?"

पोरं गाडीमागून चालू लागली. पूर्णेच्या पात्रातून गुडघाभर पाण्यात उतरताना कडूबा मागं राहिला. कडूबा म्हणजे संघाचा आताचा सूर, सोजराबाईचा एकुलता मुलगा, हरणासारखा चपळ. आज त्याचे डोळे लाल होते.

"भाऊ, मले राती हीव भरलं होतं. आज सूरपाटीवर दुसऱ्या कोणाले घ्या."

उकंडरावानं त्याला खालून वर न्याहाळलं. "माह्या बापाले काय पडसं झालं होतं? जीव सोडला त्यानं, पाटी नाई सोडली. तुले हीव भरलं म्हून घोंगडी पांघरून देऊ?"

बाकीचे हसले. कडूबा मान खाली घालून चालू लागला.

वडनेरला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मैदानाच्या कडेला, चिंचेच्या सावलीत वडनेरचे गडी तोंडावर उपरणी घेऊन घोरत होते. उकंडरावाला हसू आवरेना. "पाहा रे, मढे मांडले रांगेनं! यायच्याशी खेळाचं आपल्याले."

खेळ सुरू झाला आणि ते मढे उठले. ताज्या पायांनी असे सुटले, की जळगावच्या पोरांचे हात त्यांच्या पाठीला लागेनात. एक एक जण शेवटची पाटी ओलांडून परत फिरत होता आणि "लोण!" म्हणून ओरडत होता. कडूबा एकटा त्या उभ्या पाटीवर खालीवर धावत होता. उकंडराव कडेनं शिव्या घालत होता. "पाय उचल बे! मायनं दूध पाजलं का ताक?"

कडूबानं पाय उचलला आणि तो तसाच पाटीवर तोंडघशी पडला.

लोक उठून उभे राहिले. त्या क्षणी उकंडरावाच्या छातीत कसलं तरी सुख भरून आलं. अगदी बापासारखा! असं त्याच्या मनात आलं, आणि आपल्याला बरं वाटतंय हेही त्याला कळलं. मग कडूबा ओकला, त्याचे डोळे पांढरे झाले, दात वाजायला लागले. ते सुख जागच्या जागी आंबून गेलं.

वडनेरचा कप्तान गोपाळ धावत आला. त्यानं कडूबाचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळावर पाणी मारलं. मग वर पाहत म्हणाला, "पाटील, दुपारी आमी बैलालेही सोडतो. तुमी माणूस जुंपला."

कडूबाला हलवता येईना, म्हणून ती रात्र सगळ्यांनी वडनेरलाच काढली.

दुसऱ्या दिवशी कडूबाला गाडीत निजवून आणलं. सोजराबाईनं मुलाला आत घेतलं आणि उकंडरावाच्या पायाजवळ थुंकून दार लावलं.

घरी आल्यावर त्यानं आईला, तानुबाईला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "पण माय, खेळला मात्र बापासारखा."

तानुबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला सरकवलं.

"तुह्या बापाले तू काय ओळखतं रे? सामन्याच्या आदल्या दिवशी दिवसभर निजे तो. मी दारात बसून लोकायले हाकलत होती. म्हणे, 'तानू, झोप झाली की पाय आपोआप पळतात.' त्या दिवशी तापानं पडला होता. तो निवृत्ती चार टोळभैरव घेऊन आला अन् दारातून वरडला, 'महादेवराव बायकोच्या पदराखाली निजला काय?' शरमेनं उठला तो. खेळासाठी नाई मेला, या गावाच्या तोंडासाठी मेला."

"मंग आजवर सांगतलं काऊन नाई?"

"तुले अभिमान वाटे, म्हून गप बसली. वाटलं, बापाचं नाव घेऊन पोरगं मोठं होऊन राह्यलं, होऊ दे. तू दुसरीचं पोरगं मारायले निघशील हे का ठाव होतं मले!" तिनं सूप पुन्हा ओढून घेतलं. "ऊठ आता. तुह्यं तोंड नको मले."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सोजराबाईच्या ओसरीवर जाऊन बसला. तो रोज यायला लागला. वैद्याला आणायचा, काढ्याचं सामान आणायचा आणि उरलेला वेळ दाराशी बसून राहायचा. गावात खबर पसरली होती, कडूबा दुसरा महादेवराव झाला म्हणे. लोक पाहायला यायचे.

एका दुपारी निवृत्तीकाका आले. आता म्हातारे, संघाचे मानकरी, हातात नारळ आणि फेटा. मागं चार माणसं.

"उकंड्या, उठव त्याले. फेटा बांधतो, सत्कार करतो. वारसा चालवला पोरानं."

उकंडराव उंबऱ्यात आडवा उभा राहिला. "निजला हाय तो."

"अरे, दोन घडी उठव. गावाचा मान हाय."

"गावाचा मान तिथं जोड्यापाशी ठेवा, काका. माह्या बापाले उठवलं तुमी. याले नाई उठवू देणार."

निवृत्तीकाकांना आधी काही कळलं नाही, मग कळलं. पण त्यांना लाज वाटली नाही. ते हसले. "अरे, त्याच्या मरणानंच तर आपल्या संघाचं नाव झालं. नाई तं कोण ओळखे जळगावले?"

उकंडरावानं आयुष्यभर कितीतरी माणसांना तुच्छ लेखलं होतं. पण या माणसाकडे पाहताना त्याला वाटलं, की आजवर तो सगळा तिटकारा आपण चुकीच्या जागी खर्च केला. पाठ टेकणाऱ्या शालूबाईवर, घामेजल्या बायांवर, घोरणाऱ्या पोरांवर. तो हळू आवाजात म्हणाला, "जा काका. वरडू नका. तुमच्या आवाजानं जाग येईन त्याले."

नारळ घेऊन माणसं परत गेली. आतून कडूबाच्या संथ घोरण्याचा आवाज येत होता. सोजराबाईनं दारातून एक तांब्या पाणी बाहेर सरकवलं. त्याच्याकडे पाहिलं मात्र नाही.

महिन्याभरानं कडूबा काठी टेकत अंगणात आला. सूरपाटीवर तो पुन्हा कधी उभा राहिला नाही; त्यानं वखर धरला, शेती केली, नातवंडं पाहिली. पुढच्या हंगामात संघ वडनेरशी पुन्हा हरला. निवृत्तीकाका चौकात बसून म्हणत राहिले, की उकंड्यानं वारसा बुडवला. उकंडराव तिथून जाताना ते ऐकायचा, एकदा त्यांच्याकडे पाहायचा आणि पुढं चालू लागायचा.