वर्नाचं पान आणि दक्षिणेचा रस्ता

वर्ना कोस्त्युकच्या तोंडून ‘माहीत नाही’ हे शब्द आमच्या गावात कुणी ऐकले नव्हते. नगर कचेरीतली ती एकटी कारकून. कर, कुत्र्यांचे परवाने, कबरींच्या जागा, सगळं तिच्या जिभेवर. तिची आई ओल्गा माझ्यासारखीच वृद्धाश्रमात राहते. लेक लहानपणापासून अशीच आगाऊ आहे, असं ती पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खाता खाता अभिमानाने सांगायची.

मागच्या वणव्यात रस्त्यांची माहिती बघायला अख्खं गाव एकाच वेळी रिफ्रेश करत सुटलं आणि गावाच्या वेबसाइटने मान टाकली. वर्नाला ते फार लागलं. हिवाळाभर खपून तिने नवं पान बनवलं. ते रिफ्रेश करावंच लागत नसे. वनखात्याच्या तळावरच्या डेटाबेसला ते मागच्या मागे विचारत राहायचं आणि जेवढं बदललं तेवढंच बदलायचं: वाऱ्याचा आकडा, रस्त्याचा रंग. बाकीचं पान हलायचंही नाही. आश्रमाच्या जेवणघरात ते भिंतीवर कायम चालू असे. मी तिला चिडवायचो, की तुझं पान तुझ्यावरच गेलंय, न विचारता उत्तर देतं.

ऑगस्टमध्ये उत्तरेकडून आग आली. भर दुपारी दिवे लावावे लागले. आम्हा म्हाताऱ्यांना बसमध्ये बसवलं, ओल्गाला पहिल्या बाकावर. ड्रायव्हर डेलमार भिंतीवर बघून आला. दक्षिणेचा रस्ता हिरवा, म्हणजे खुला. त्याने गाडी सुरू केली तोच वर्नाचा ट्रक आमच्या पुढ्यात आडवा येऊन थांबला.

ती धापा टाकत खिडकीशी आली. “दक्षिणेने जाऊ नकोस. तळ्याकाठच्या रस्त्याने ने यांना.”

“त्या कच्च्या रस्त्याने? ही असली हाडं घेऊन?” डेलमार म्हणाला. “बाई, तुझंच पान सांगतंय की दक्षिणेचा खुला आहे.”

“पान काहीच सांगत नाहीये. इथे वाऱ्याने झेंडा फाटतोय आणि पानावरचा वाऱ्याचा आकडा सकाळचाच आहे. तळावरून उत्तर येणं बंद झालंय. उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे मी त्याला शिकवलंच नाही. ते जुनंच धरून बसलंय.”

“म्हणजे रस्ता बंद आहे?”

वर्नाने आईकडे पाहिलं. “माहीत नाही,” ती म्हणाली.

आगीपेक्षा मला त्या दोन शब्दांची भीती वाटली. माहीत नाही तर वाट सोड, असं मागून कुणीतरी खेकसलं. काचेवर राख साचत होती आणि डेलमार नुसता ब्रेकवर पाय ठेवून बसला होता. शेवटी ओल्गाच बोलली.

“पोरा, माझी पोरगी जन्मात असं म्हणालेली नाही. वळव गाडी.”

तळ्याकाठाने आमची हाडं खिळखिळी झाली, पण पोचलो. दक्षिणेच्या वाटेवरचा लाकडी पूल आम्ही निघायच्या आधीच जळून पडला होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं. ओल्गाने तेव्हा वर्नाचा हात धरला तो जेवणापर्यंत सोडला नाही.

वर्नाने पान सुधारलं. आता तळावरून उत्तर आलं नाही की हिरवा रंग पुसला जातो आणि तिथे मोठ्या अक्षरांत येतं: माहीत नाही. खाली तिच्या घरचा फोन नंबर. असलं पान काय कामाचं, म्हणून नगरसभेत काहींनी नाकं मुरडली. गेल्या आठवड्यात आम्ही जेवत असताना ते शब्द भिंतीवर उमटले. डेलमार औषधं आणायला दक्षिणेकडे निघाला होता. त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि आधी वर्नाला फोन लावला.