पियानो सोडला, धडा नाही

हे मी लिहिणारच नव्हते. व्हर्लीनबाईंना कळलं तर आधी शुद्धलेखन तपासतील, मग चिडतील. पण राहवत नाही.

केंटकीतल्या आमच्या पाइन फोर्क गावात बाई सरकारी शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या आणि रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवायच्या. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पण त्या वर्षी गाव पेटलं, शाळेत उत्क्रांती शिकवायची की बायबल, यावरून. सभेत आरडाओरडा झाला. मग चर्चचे कारभारी ओर्विलभाऊ बाईंच्या ओसरीवर येऊन बसले. म्हणाले, तो उत्क्रांतीचा धडा गाळा, नाहीतर चर्चचा पियानो सोडा.

बाई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, चर्चमध्ये मी कधी माकड आणलं का? मग वर्गातून ते का हाकलू?"

ओर्विलभाऊंना हसू आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं.

पियानो गेला. लहानपणापासून पियानोच्या बाकावर बसलेल्या बाई आता शेवटच्या रांगेत बसू लागल्या, आणि हात मांडीवर कुठे ठेवावे तेच त्यांना कळेना. धडा मात्र त्यांनी चालूच ठेवला, आणि ज्यांच्या घरच्यांना नको होतं त्या मुलांना न रागावता वाचनालयात बसवलं.

पहिल्याच रविवारी पियानोला कुणीच नाही. ओर्विलभाऊंनीच भजन उचललं. आयुष्यभर पियानोच्या आधाराने गायलेला माणूस, सूर लावला इतका वर की दुसऱ्या कडव्याला सगळ्यांचे गळे फाटले आणि चर्च गप्प झालं. बाईंना वाटलं असतं तर बसल्या असत्या मजा बघत. त्यांनी मागूनच तेच कडवं खालच्या सुरात धरलं. हळूहळू सगळे त्यात आले, ओर्विलभाऊ सगळ्यात शेवटी.

नंतर चर्चच्या जेवणात ओर्विलभाऊंनी स्वतः बाईंपुढे मक्याचा ब्रेड आणि वाल ठेवले.

"बाई, पुढच्या रविवारी बसा बाकावर."

"आणि धडा?"

"तो कधी असतो?"

"दर मंगळवारी."

"मंगळवारी मला कुठे वेळ असतो," ओर्विलभाऊ म्हणाले आणि वाल वाढायला लागले.

त्या वर्गात मीही होते. आज कॉलेजात जीवशास्त्र शिकते, रविवारी प्रार्थनाही करते, आणि दोन्ही करताना चोरट्यासारखं वाटत नाही. ही बाईंची देणगी. आता त्या निवृत्त झाल्यात, बोटं आखडलीत, तरी पियानो वाजवतात. मी या सुट्टीत जातेच आहे. तुम्हाला कुणी अशा बाई मिळाल्या असतील तर तुम्हीही जा ना. लवकर जा.