नदीपलीकडची कोरी भिंत

आदिलाबादचं बसस्थानक मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना कपाशी लागली. थांब्यांच्या पाट्या तेलुगूत, मला अक्षर लागेना. एक थांबा आधीच उतरले आणि भर उन्हात पायपीट केली. चूक माझी होती, पण सगळी वाट मी मनातल्या मनात कंडक्टरलाच बोल लावत होते.

माझा मावसभाऊ वासुदेव गेल्या वर्षी गेला. पैनगंगेकाठच्या या गावात त्याचं किराणा दुकान होतं. लेक मंदा लहान असताना तिच्यासाठी त्यानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर एका मनातल्या देशाचा नकाशा काढला आणि पुढे वर्षानुवर्षं वाढवत नेला. आता मंदाचं लग्न ठरलं. लग्नघराला चुना लावायचा, म्हणजे नकाशा जाणार. मी पुस्तकांसाठी चित्रं काढते, म्हणून वहिनींनी त्याची नक्कल उतरवायला बोलावलं होतं.

आधी ज्वारीची भाकरी आणि पुंटीकूर (अंबाडीची भाजी) झाली. मग कागद घेऊन भिंतीपुढे नक्कल उतरवायला बसले. मिठाचा डोंगर, रात्रीतून जागा बदलणारं जंगल, राक्षसांचा आठवडी बाजार. अंतरं बैलाच्या तहानेत मोजलेली: डोंगरापासून बाजार तीन तहाना. या माणसाला आम्ही नुसता दुकानदार समजत होतो! मला रडू आवरेना.

वरच्या अंगाला नदी होती, आमची पैनगंगाच, नाव तेवढं वेगळं. तिच्या पलीकडे भिंत कोरी होती.

"आत्या, तिकडं तुमी काई काढा ना," मंदा म्हणाली. तिचं सासर नदीपलीकडे, महाराष्ट्रात. "बाबानं काऊन कोरं ठेवलं? मंग मी कुठं जाऊन राह्यली?"

उगाच एखादा किल्ला काढून तिची समजूत घालणं जिवावर आलं.

"मीच काढू नाई देल्लं त्यायले," वहिनी म्हणाल्या. "तिकडं माहं माहेर. म्हटलं, तिथं राक्षस नका बसवू."

दारासाठी कालवलेल्या गेरूत त्यांनी बोट बुडवलं. कोऱ्या जागेत एक विहीर काढली, मग एक दार.

"इथं माही माय बसे. आता दार बंदच रायते. तुह्या सासरातून एकच तहान हाय, मंदे. जात जाय. उघडत जाय."

माझी नक्कल पुरी झाली, तसा चुन्याचा कुंचला मंदानंच उचलला.

तेवढा भाग मी उतरवून घेतला नाही. तो माझ्यासाठी काढलेला नव्हता.

नक्कल मंदाच्या हाती दिली; घरी परतल्यावर तिची एक प्रत माझ्या भिंतीवर लावली. आलागेला विचारतो, नदीपलीकडचं काढायचं राहिलं का? राहिलं नाही, मी सांगते. तिथे आमची मंदा राहते.