सिंदिले मास्तरांची घाई

रात्री आभाळ निवळ राहिलं की आमच्या लुझिनीत सकाळी गवतावर हिव धरतं. जून म्हणजे आमच्या दक्षिण आफ्रिकेत ऐन हिवाळा; त्या शनिवारीही धरलं होतं. अमाथोलेच्या डोंगरावरून येणारा वारा पडला होता, चुलींचा धूर सरळ वर चालला होता, आणि शाळेच्या मैदानावर सिंदिले म्पाहला मास्तर घमेलं घेऊन वाकत वाकत चालले होते. घमेल्यात राख. शहरातल्या शाळा मैदानावर चुन्याच्या रेघा मारतात, आमच्या खायालेतू शाळेच्या रेघा स्वयंपाकघरातल्या राखेच्या. हिव वितळायच्या आत मारली तर राख धरते, नाहीतर वारा उचलून नेतो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, कंबर धरलेली, पण रेघ गवंड्यानं दोरी धरून ओढल्यासारखी.

त्याआधी त्यांनी बकऱ्या हाकलल्या होत्या, लेंड्या झाडल्या होत्या, घुशींनी उकरलेली बिळं बुजवली होती. सामना दहाला. स्वयंपाकघरातली नोझिबेले मक्याचा भरडा नि घेवडा शिजायला टाकून दारात उभी होती. आमच्याकडं मोठ्या माणसाला कुळाच्या नावानं हाक मारतात, मास्तरांचं कुळ तोलो.

"तोलो, सगळी राख तुमी नेली. मी भांडी कशानं घासू?"

"ते बघ तिकडं," मास्तर मान वर न करता म्हणाले, "पंचवीस वाराची रेघ. तिच्यावर घास."

मास्तर गणित शिकवतात आणि रग्बी शिकवतात. तेहतीस वर्षं झाली. गणितात त्यांच्या हातून कोण कुठं पोहोचलं याची गावात कुणी चौकशी करत नाही. रग्बीत एकच नाव निघतं, आणि ते निघालं की मास्तर विषय बदलतात.

सिबुलेले. जंगलखात्यात झाडं तोडणाऱ्या वेलिलेचा मुलगा. आठवीत असताना अनवाणी पायानं त्यानं मैदानाच्या पार कोपऱ्यातून चेंडू दोन खांबांच्या मधून घातला होता. कसं जमलं विचारल्यावर म्हणाला, सर, तुम्हीच कोन शिकवले की. मास्तर ते दिवसभर हसत सगळ्यांना सांगत सुटले. पुढं तो दहा नंबरचा खेळाडू झाला. दहा नंबर म्हणजे संघाचं डोकं. चेंडू डावीकडं की उजवीकडं, पळायचं की लाथेनं उडवायचा, हे त्यानं ओरडून सांगायचं आणि पुढच्या आठ दांडग्यांनी ऐकायचं.

अडलं तिथंच. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पुढच्या आठांतले पाच जण आदल्या डिसेंबरात डोंगरावर जाऊन आले होते. आमच्या रीतीत पोरगं महिनाभर डोंगरावरच्या झोपडीत राहतं, तिथं त्याची सुंता होते, आणि ते पुरं झाल्याशिवाय खाली उतरता येत नाही. डोंगरावरून उतरलेला तो माणूस, आणि न गेलेला तो पोर, मग दोघं एकाच बाकावर का बसेनात. पोरानं माणसाला हुकूम सोडायचा नसतो. सिबुलेलेचं अजून व्हायचं होतं. मे महिन्यात किंग या मोठ्या गावातल्या एका शाळेविरुद्ध शेवटची चार मिनिटं राहिली होती, आम्ही तीन गुणांनी मागं. डावीकडं मैदान मोकळं पडलेलं सिबुलेलेला दिसलं, तो ओरडला. लोयिसोनं, आमच्या सगळ्यात उंच गड्यानं, ऐकलं आणि चेंडू छातीशी धरून उजवीकडं गेला. तिथं चौघांनी त्याला गाडला. सामना संपला.

मास्तरांनी लोयिसोला बाजूला घेतलं तर तो मुळीच उर्मट बोलला नाही. खाली मान घालून म्हणाला, "सर, तुमी सांगा, आमी मरंस्तोवर पळू. पन पोरानं वरडायचं आन् मानसानं पळायचं, हे माझ्या बापाला कळलं तर त्यो मला दारात हुबं करणार न्हाई."

सिबुलेले जवळच बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

त्याच महिन्यात ईस्ट लंडनला, आमच्या किनाऱ्यावरच्या शहरात, प्रांताच्या अठरा वर्षांखालच्या संघाची निवड होती. मास्तर त्याला घेऊन गेले. मोठ्या शाळांची पोरं बसमधून उतरली, पाठीवर नाव छापलेलं, सोबत तीन-तीन प्रशिक्षक, एकाकडं नुसत्या केळ्यांच्या पेट्या. सिबुलेलेच्या पायात लोयिसोच्या भावाचे बूट, पुढं मोजा कोंबलेला. चाळीस मिनिटं त्याला खेळवलं. आठ दिवसांनी कागद आला. तेवीस नावं, त्याखाली तीन राखीव. राखिवात पहिलं नाव सिबुलेलेचं. खाली टाइप केलेली ओळ होती: राखीव मुलांनी तेरा जुलैपर्यंत बोलावण्याच्या तयारीत राहावं.

जुलैतल्या त्या आठवड्यात देशातल्या सगळ्या प्रांतांचे शाळकरी संघ एका गावी जमतात. मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून माणसं बसतात, मांडीवर वह्या. पुढं देशाचा हिरवा सदरा घालणाऱ्यांतले कितीतरी आधी त्या वह्यांत लिहिले जातात. मोठ्या शाळांतल्या पोरांना वहीत शिरायला चार वाटा असतात. आमच्या पोरांना ती एकच.

मास्तरांना हे सगळं ठाऊक होतं. पण त्यांना ऑगस्टही दिसत होता. ऑगस्टात जिल्ह्याचा शाळा चषक. आमच्या शाळेनं तो कधी जिंकला नव्हता. बावीस वर्षं मास्तर तो दुसऱ्यांच्या हातात बघत आले होते. सिबुलेले एकदा माणूस झाला की पुढचे आठ त्याचं ऐकतील आणि चषक येईल, हे त्यांनी मनात गणितासारखं मांडलं. उत्तर बरोबर आलं, हीच खोट.

ते वेलिलेच्या घरी गेले. वेलिलेचं ठरलं होतं, डिसेंबर. परीक्षा झालेली असेल, खाणीत कामाला असलेला वेलिलेचा भाऊ घरी आलेला असेल. मास्तर म्हणाले, जूनमध्येच पाठव. वेलिलेनं बराच वेळ विळ्याची धार बोटानं बघितली.

"आन् त्ये ईस्ट लंडनचं?"

"राखीव म्हणजे मान द्यायची रीत, वेलिले. आपल्याकडच्या राखीव पोराला आजवर कुणी बोलावलेलं नाही."

"तसं आसंल तर मग तुमी म्हनता तसं. शिकलेलं मानूस तुमी."

सिबुलेलेनं कागद वाचला होता. दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर त्यानं हळूच विचारलं की सर, तेरा जुलैपर्यंत थांबायला लिहिलंय. मास्तर म्हणाले, ते सगळ्यांनाच लिहितात. पोरानं मान हलवली. मास्तरांच्या शब्दावर त्यानं कधी दुसरा प्रश्न टाकला नव्हता.

जूनच्या शेवटी सिबुलेले गावातल्या सहा जणांबरोबर डोंगरावर गेला. सहाव्या दिवशी, गुरुवारी, मास्तरांचा फोन वाजला तेव्हा ते गोठ्याचं कुंपण बांधत होते. प्रांताच्या कचेरीतला माणूस होता. आवाज घाईतला, गोड.

"म्पाहला सर, आमच्या दहा नंबरचं गळपट्टीचं हाड मोडलंय. तुमचा मुलगा रविवारी दुपारी बारापर्यंत इथं हवा. बूट आणि ब्लँकेट घेऊन या."

मास्तर म्हणाले की उलटा फोन करतो. कुंपणाची तार तशीच टाकून ते वेलिलेकडं गेले. वेलिले आधी हसला, मग त्याला समजलं. दोघं डोंगराच्या पायथ्याला गेले. वरच्या झोपड्यांतून धूर निघत होता. पोरांची राखण करणारा म्हातारा खाली उतरून आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही.

"मास्तर, तुमी गेला व्हता तवा मधीच उतरला व्हता का?"

"नाही."

"मंग मला कशाला इचारता?"

एवढंच. परतीच्या वाटेवर वेलिले पुढं चालला. फाट्यावर पोहोचल्यावर त्यानं टोपी काढली, परत घातली, आणि घराकडं वळला. मास्तरांना तो शिव्या देता तर बरं वाटलं असतं.

मग मास्तरांनी कचेरीला फोन लावला. डोंगराचं परक्यापाशी बोलायचं नाही ही आमची रीत खरी, पण घरचं कार्य आहे एवढं म्हटलं असतं तरी आमच्या प्रांतात कुणालाही उमगतं. तसं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कागद हातात असताना कार्य आत्ताच कसं काढलं? कोणी ठरवलं? मास्तर म्हणाले, पोराला बरं नाही. काय झालंय, त्या माणसानं विचारलं. तोंडाला येईल ते मास्तर बोलले: छातीचं आहे.

सिबुलेलेच्या जागी तिसऱ्याच शाळेचा मुलगा गेला.

ऑगस्टात चषक आला. सिबुलेले डोंगरावरून उतरला तेव्हा नऊ किलोनं उतरला होता, पण डोंगरावरून उतरलेल्या नव्या माणसाला देतात तो कोट घालून तो मैदानावर आला आणि लोयिसोनं त्याला स्वतःहून हात दिला. अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला त्यानं चालत्या खेळातून चेंडू खांबांमधून उडवला. तेरा-दहा. गाव तीन दिवस गात होतं. मुख्याध्यापकांनी भाषणात मास्तरांना दूरदृष्टीचा माणूस म्हटलं. मास्तर शेवटच्या रांगेत बसून हातातल्या टोपीची शिवण उसवत राहिले. त्या चषकाच्या कपाटाची किल्ली नंतर हरवली, ती कुणी शोधली नाही.

सप्टेंबरात शहरातून एक प्रशिक्षक पोरांना बघायला आला होता. सिबुलेलेशी बोलला, खेळ बघितला, मान डोलावली, आणि जाताना, कचेरीतून ऐकलेल्या त्याच्या छातीच्या दुखण्याबद्दल विचारून गेला. परत आला नाही. चार वर्षांनी एका संध्याकाळी गुत्त्यातल्या टीव्हीवर हिरव्या सदऱ्यातली माणसं राष्ट्रगीताला उभी होती. सिबुलेलेच्या जागी गेलेला तो मुलगा त्यांत होता. कुणीतरी म्हणालं, ह्यो आपला सिबू आसता. मास्तर उठून बाहेर लघवीला गेले ते घरीच गेले.

त्यानंतर कुठल्याही बापानं पोराला डोंगरावर कधी धाडू असं विचारलं तर मास्तर म्हणतात, घरचं घरात ठरवा. आणि कुणाचं नाव राखिवात लागलं की त्या पोराला रोज सकाळी विचारतात, खोकला नाही ना? पोरं त्यांच्या मागं खोकून दाखवतात आणि हसतात.

तर त्या शनिवारी निम्म्या रेघा झाल्या असतील, तेव्हा खालच्या फाटकातून सिबुलेले आत आला. अठ्ठावीस वर्षांचा, अंगानं भरलेला, एक गुडघा जरा वाकडा टाकत. पोर्ट एलिझाबेथला टायरच्या गोदामात काम करतो. आत्याच्या मयतीला आला होता. घमेल्याकडं बघून म्हणाला, "सर, शेजारच्या गावानं चुना आनला म्हनं. तुमी राखंलाच चिकटून."

"राख फुकट मिळते आणि डोळ्यात गेली तरी पोर आंधळं होत नाही."

दोघं हसले. गुडघ्याचं बोलणं झालं, वेलिलेच्या दम्याचं झालं. मग मास्तरांनी घमेलं खाली ठेवलं.

"सिबू, त्या वर्षी जूनचं मी ठरवलं. तुझ्या बापानं नाही. मला चषक पाहिजे होता."

"ठावं हाय. फायनलच्या आदल्या दिशी लोयिसो बोलला."

"आणि तरी खेळलास?"

"मलाबी जितायचं व्हतं की. मी काय म्हातारा व्हतो व्हय?"

मास्तरांना इथं थांबता आलं असतं. अकरा वर्षं ते इथंच थांबत आले होते.

"अजून एक आहे. त्यांनी फोन केला तेव्हा मी सांगितलं की तू आजारी आहेस. छातीनं."

सिबुलेलेनं खाली पाहिलं. हिव वितळत होतं, त्याच्या बुटांची टोकं ओली झाली होती.

"तुमी सांगितलं."

"मी."

"मला वाटलं, शहरातनं बघाया आलेल्या त्या गड्याची दुसऱ्या कुनाशी गफलत झाली. मी पळून दावलं त्याला, चार चकरा. माझी छाती बगा म्हनलं." त्यानं बुटाचं टोक गवतावर पुसलं. "डोंगराचं मी कवाच सोडलं, सर. डोंगर माझाच हाय. जून काय न् डिसेंबर काय. पन मी त्या मोठ्या पोरांत खेळून पडलो आसतो तरी चाललं आसतं. आता मला ठावंच न्हाई मी कसा खेळाडू व्हतो."

क्षमा मागायचा शब्द मास्तरांना फार लहान वाटला. सिबुलेलेनं खांद्यावरचं ब्लँकेट नीट केलं. आत्याच्या घरी मयतीच्या स्वयंपाकाला लाकडं फोडायची आहेत, म्हणाला. सामन्याला येतो असं म्हणाला नाही. गुडघा टाकत फाटकाकडं गेला आणि फाटक मागं लावून घेतलं, बकऱ्या शिरू नयेत म्हणून.

"तोलो," नोझिबेलेनं हाक मारली, "हंडा उतरवायचाय. एकटीला उचलत न्हाई."

मास्तरांनी पँटला हात पुसले, स्वयंपाकघरात गेले, फडकं दुमडून हंड्याचा दुसरा कान धरला.

"जपून," ती म्हणाली. "माझ्याकडं कलतोय."