कुरणातला पहिला पाय

दिवाळीनंतरच्या कोवळ्या उन्हात तिखाडीचं गवत तापू लागलं की त्याचा वास आधी नाकाला नाही, घशाला लागतो. गोडसर, किंचित तिखट, जुन्या लाकडी पेटीतल्या अत्तरासारखा. गेल्या कार्तिकात सेलूच्या पलीकडे बसमधून उतरून मी कच्च्या रस्त्याने चालत गेले, तेव्हा राखीव कुरणाचं फाटक दिसायच्या कितीतरी आधी या वासाने मला गाठलं. फाटकाशी वनखात्याची हिरवी पाटी आहे. आत पायवाट आखली आहे, बसायला दोन बाक आहेत. समोरच्या रेताड उतारावर पांढऱ्या गाई सावकाश चरत होत्या आणि त्यांच्या खुरांपासून हातभर अंतरावर चंडोल निर्धास्त किडे टिपत होते. नागपूरहून दुर्बिणी घेऊन आलेल्या मंडळींपैकी एकजण म्हणाले, "राखीव म्हणतात आणि आत गाई कशा सोडतात?" मला उत्तर ठाऊक होतं. पण अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. मी पुढे चालत राहिले. तेव्हा न दिलेलं उत्तर आज इथे देते आहे.

हे कुरण मोठं नाही. नदीने कधीकाळी पात्र बदललं तेव्हा मागे राहिलेल्या रेतीचे दोन लांब उतार आहेत आणि त्यांच्या कुशीत पाणथळ जमीन. उतारावर गवत आखूड, विरळ, पायाखाली भुसभुशीत. खाली उतरलं की चप्पल चिखलात रुतते, मारवेल गुडघ्याला लागतं आणि जरा वाकून पाहिलं तर गवताच्या मुळाशी सीतेच्या आसवांची इवली निळी फुलं दिसतात. पिपरी मेघेच्या आमच्या इंग्रजी शाळेत मी कुरणासाठीचा 'मेडो' हा शब्द स्पेलिंगसह पाठ केला होता. चित्रात लाल छपराचं घर, लोकरी मेंढ्या आणि हॅट घातलेली मुलगी असे. असलं काही आपल्या वर्ध्याकडे नसतं, अशी माझी पक्की समजूत होती. नव्वदच्या दशकातल्या एका दिवाळीच्या सुट्टीत आत्याकडे राहायला गेले आणि ती समजूत चिखलात पाय रुतताक्षणीच गेली.

आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, याच कुरणाच्या काठच्या गावात नांदत होती. उंच, सावळी, आवाज असा की नदीपल्याडच्या माणसाला हाक मारायला तिला वाऱ्याची दिशा बघावी लागत नसे. मी जितकी घुमी तितकी ती मोकळी. "हे पोरगी बोलते का नाई? का शाळंत फीस भरून मुकी केली?" असं ती चारचौघांत विचारायची आणि मी आणखी मिटून जायची. नम्रपणा तिच्या वाऱ्याला उभा राहत नसे. आपली भाकरी, आपली तूर, आपला नवरा, सगळ्यांची ती तोंडभर वाखाणणी करी. पण सगळ्यांत जास्त बढाई तिच्या गाईची. लांब, निमुळत्या तोंडाची, चुन्यासारखी पांढरी गवळाऊ गाय. आत्या तिला 'म्हातारी' म्हणायची. दर वर्षी कुरण उघडताना पहिला पाय म्हातारीचा पडे आणि त्या दिवशी आत्याची मान जी वर होई ती पुढच्या पोळ्यापर्यंत खाली येत नसे.

पहिला पाय म्हणजे काय, ते सांगायला हवं. पेरण्या झाल्या की गाव कुरण बंद करी. ना तार, ना भिंत. फक्त कडेची मेर, म्हणजे हद्दीचा गवताळ बांध, आणि घरोघरी फिरणारी राखणीची पाळी. पावसाळाभर गवत वाढे, फुले, बी धरी, ते बी गळून मातीत जाई. टिटव्या, चंडोल आपली पिल्लं मोठी करत. मग दिवाळीतल्या पाडव्याच्या सकाळी गावातल्या मानाच्या गाईला सजवून पुढे करत. तिने पहिला पाय टाकला की मागून सगळं गोधन आत जाई आणि उन्हाळ्यापर्यंत चरे. त्याआधी जे जनावर आत सापडेल, ते मारुतीसमोरच्या निंबाला दिवसभर बांधायचं आणि त्या घरची गुरं पाडव्याला सगळ्यांच्या शेवटी आत सोडायची. दंड एवढाच. पण त्या गावात पैसे भरणं लोकांना सोपं वाटलं असतं.

पाडवा तोंडावर आला होता आणि राखणीची पाळी आत्याच्या घरची होती. ती मला सोबत घेऊन गेली. म्हातारीलाही मेरेवरचं गवत खायला बरोबर आणलं होतं. त्या वर्षी गाईचे गुडघे सुजले होते, उठताना ती कण्हायची. हा तिचा शेवटचा पाडवा, हे घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं, तरी तिच्या गळ्यासाठी नवी घुंगरमाळ आणून ठेवली होती. पळसाखाली आम्ही भाकरी सोडली. आत्या तिच्या लग्नातली कुठलीशी फजिती रंगवून सांगत होती, मी पहिल्यांदाच मोठ्याने हसत होते. आणि हसता हसता मला खालच्या हिरव्या ओलीत एक पांढरी पाठ दिसली.

म्हातारी आत उतरली होती. पोटापर्यंत गवतात उभी राहून डोळे मिटून चरत होती.

आजूबाजूला कोणी नव्हतं. दुपारची वेळ, सगळा गाव कापूस वेचायला गेलेला. आत्या उठली, गाईजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, आता तिला हळूच बाहेर काढेल आणि मला डोळ्यांनी खुणावेल. मी गप्प राहायला तयारही होते, गप्प राहणं ही माझ्या हातची एकच कला होती. आत्या मागे वळली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"कोणाची गाय हाये ते?"

"आपली," मी म्हटलं.

"आपली घरी. इथं गावाची चोर हाये. चाल, दावं धर."

आम्ही गावात शिरलो तर आत्याची जाऊ ओट्यावर तूर पाखडत होती. या दोघींमध्ये पहिल्या पायावरून वर्षानुवर्षांची चुरस. जावेची तरणी गाय दर वर्षी म्हातारीच्या मागे, दुसऱ्या नंबरावर असे. सूप थांबलं. "काऊन वो बाई, आज चौकीदारच चोर निंगाला का?"

"निंगाला ना," आत्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "बांधाले नेऊन राह्यली. येजो पाहाले, फुकट हाये."

संध्याकाळी निंबाखाली माणसं जमली. लोक खूश होतील असं मला वाटलं होतं, पण सगळे अस्वस्थ होते. म्हातारीने पहिला पाय टाकला की साल बरं जातं, असा गावाचा भरवसा होता. गावात सगळे ज्यांचा शब्द मानत ते एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "गाय मेरेवर असंन वो. मेरेवर चारनं गुन्हा नाई." दोघातिघांनी लगेच माना डोलावल्या. आत्याला विचारण्यात अर्थ नव्हता. राखणदाराचा स्वतःच्या जनावराबद्दलचा शब्द धरत नसत, हीही तिथली रीत होती. मग ते म्हातारबाबा माझ्याकडे वळले. "पोरी, तू होती ना? सांगजो बरं. मेरेवर होती का आत?"

सगळा गाव माझ्याकडे पाहत होता. कंदील अजून लागला नव्हता. 'मेरेवर' हा एक शब्द मी उच्चारला असता तर गाय सुटली असती, माळ तिच्या गळ्यात पडली असती आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता. मी आत्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. निंबाच्या बुंध्याला टेकून गाईच्या कानामागे खाजवत होती. माझ्यावर कसलंही ओझं पडू नये म्हणून तिने नजर काढून घेतली आहे, हे मला कसं कोण जाणे, कळलं.

"आत होती," मी म्हटलं. "पोटापर्यंत गवतात होती."

आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. गर्दीतून जावेचा आवाज आला, "अगं माय! हे तं बोलते!" आणि लोक हसले. आत्यासुद्धा हसली, पण पदराने डोळे पुसत. "मायी भाची हाये," ती म्हणाली. "भावावर नाई गेली, माह्यावर गेली."

पाडव्याला जावेची गाय पुढे होती. आत्याने स्वतःच्या हाताने ती नवी घुंगरमाळ त्या तरण्या गाईच्या गळ्यात बांधली. जावेने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर आत्या म्हणाली, "गप वो. वाजू दे. बिनमाळेची गाय पाहून गावाले शरम वाटंन." गुरं धुरळा उडवत आत गेली. सगळ्यांच्या शेवटी, दुपार कलल्यावर, सुजल्या गुडघ्यांनी म्हातारी आत गेली. तिच्यासोबत आम्ही दोघीच होतो. उतारावरची रेती अगणित खुरांनी उकरून निघाली होती. तिचं पाऊल कुठे पडलं ते ओळखूही आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात म्हातारी गेली. आत्याच्या घरी पहिला पाय पुन्हा कधी आला नाही. पण गंमत अशी की नंतर ती बढाई मारायची ती त्या अनेक पाडव्यांची नव्हे, निंबाला बांधलेल्या गाईची. आलेल्यागेलेल्याला ऐकवायची. दोन हजारनंतर वनखातं आलं, कुरणाची मोजणी झाली. आसपासच्या गावांची कुरणं तोवर नांगराखाली गेली होती किंवा बेशरम नि रानतुळशीसारख्या तणाने भरून गेली होती. इथलंच का राहिलं, हे त्या साहेबांनी विचारलं तेव्हा आत्याने त्यांना चहा पाजून सगळी गोष्ट ऐकवली म्हणतात. राखीव झाल्यावरही चराई गावाच्या रीतीने चालू ठेवायचं ठरलं. गाई नसत्या तर उतारावरचं गवत माजून आडवं पडलं असतं आणि चंडोलांना उतरायला जागा उरली नसती. आत्याला हे पाहायला मिळालं, मग ती गेली.

मी फारसं बोलत नाही, आपल्या माणसांबद्दल तर मुळीच नाही. कुणी गाव विचारलं की वर्धा म्हणून मोकळी होते. पण गेल्या कार्तिकात त्या उतारावर बसले असताना छातीत काहीतरी एवढं भरून आलं की त्याला अभिमान याखेरीज दुसरा शब्द सापडेना. तिने राखलेल्या गवतातली एक काडीही आता शिल्लक नाही. गाईंनी ते केव्हाच खाल्लं, आणि ते राखलं होतं खाण्यासाठीच. दर वर्षी सगळं संपतं आणि दर वर्षी ओलीतून नवं उगवतं. आपण ज्याला कुरण म्हणतो ते यातलं कुठलं, हे मला सांगता येणार नाही. तासन्‌तास पाहत राहिलं तरी संपलेलं आणि उगवलेलं वेगळं काढता येत नाही.