भागीरथीकाकूंच्या कुमारिका

नवरात्र आठवड्यावर आलं की भागीरथीकाकू मुली तपासायला निघत. "आ कर. जीभ काढ. आता मान वळव, कानामागे बघू दे." मंडईत वांगी निवडावीत तशा त्या अष्टमीच्या पूजेसाठी कुमारिका निवडायच्या. खरूज, तिरळा डोळा, फाटका कान, काही म्हणजे काही चालायचं नाही. "देवी म्हणून पाटावर बसवायची ती निर्दोष हवी," असं त्या इतक्या खात्रीनं सांगत, की कॉलनीतल्या आया आपापल्या लेकींना आधीच घासूनपुसून तयार ठेवत. मला तेव्हाही तो प्रकार किळसवाणा वाटे.

अंबरनाथच्या कारखान्याच्या कॉलनीत त्या आमच्या शेजारी राहत. यजमान कारखान्यात अधिकारी, मूलबाळ नाही. बाई वाईट होती असं म्हणवत नाही. आईला विषमज्वर झाला तेव्हा आमचं जेवणखाण त्यांनीच पाहिलं. पण त्यांना शिसारी फार. दुधावरची साय, ओलं पायपुसणं, कुणाचं गळकं नाक, बुवापाड्याहून येणाऱ्या मोलकरणीचे चिखलाचे पाय. "शी गं बाई, मला नाही बघवत!" की लगेच पदर नाकाला.

माझी धाकटी बहीण सुमी त्यांची दरवर्षीची कुमारिका. "चेहरा बघा, साक्षात अंबाबाई!" असं तिचं कौतुक चाले. एका पावसाळ्याच्या शेवटी सुमीच्या कानाजवळ नागीण उठली, ताप आला, आणि एका सकाळी तिचं अर्धं तोंड हलेना. डावा डोळा मिटेना, ओठ खाली ओघळला, पाणी प्यायली की कडेनं गळे. वडिलांनी तिला उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या एका सिंधी डॉक्टरांना दाखवलं. "नागिन के जंतू से चेहरे की नस सूज गयी है," ते म्हणाले. "आँख सूखने मत देना. बच्ची है, चेहरा लौट आयेगा."

चेहरा परतायच्या आधीच नवरात्र आलं, आणि काकूही. सुमी सवयीनं आ करून उभी राहिली. लाळ हनुवटीवर आली. काकू झटकन मागे सरकल्या. "शी गं बाई! हिला यंदा राहू दे. देवीलासुद्धा शिसारी येईल." मग आईकडे बघून म्हणाल्या, "प्रसादाला मात्र पाठवा हो. मागच्या दारी वाढीन." आई नुसतं "बरं" म्हणाली.

अष्टमीला सुमी खरोखरच मागच्या दारी, मोरीशेजारी, भिंतीकडे तोंड करून खीर खात बसली होती. आत काकू बाकीच्या मुलींचे पाय दुधानं धूत होत्या. इतकी किळस मला आजवर कशाची आलेली नाही, त्या मोरीचीसुद्धा नाही.

दिवाळी उलटल्यावर सुमीचं तोंड हळूहळू जागेवर आलं. पुढच्या नवरात्रात काकू हसतच आल्या. "आली गं माझी अंबाबाई परत!" आईनं तिला परकर-पोलकं घातलं, गजरा माळला. सोबत मी गेले. काकूंनी सुमीला पाटावर बसवून तिचे पाय धुतले, कुंकू लावलं, पायांवर डोकं ठेवलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "काय हवं माझ्या देवीला? मागशील ते देईन."

"गेल्या वर्षी मला मागच्या दारी का बसवलंत?" सुमीनं विचारलं.

जमलेल्या बायकांनी माना वळवल्या. काकूंनी "अगं, तू आजारी..." अशी सुरुवात केली, पण पाटावरच्या कुमारिकेपुढे खोटं बोलणं त्यांच्या लेखी महापाप. त्या खाली बघत म्हणाल्या, "शिसारी आली गं मला तुझी."

सुमी उठली. ओले पाय तिनं परकराला पुसले. "मला पण तुमची येते," एवढंच म्हणाली आणि सगळ्या बायकांमधून वाट काढत पुढच्या दारानं घरी गेली.

त्यानंतर काकूंनी कुमारिका बसवणं सोडलं. कुणी विचारलं तर गुडघे धरलेत म्हणून सांगायच्या.